कंसातले खातेदार

फैजपूरला केळी होतात हे भूगोलाच्या पुस्तकात आहे, आणि फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होते, हे इतिहासाच्या पुस्तकात आहे. परंतु ज्या गावाची दोन पुस्तकांत नोंद झाली त्याने तिसऱ्या पुस्तकात शिरण्याची उमेद बाळगू नये, असा दंडक महसूल खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात माझ्या वाचनात आलेला नाही. म्हणून 1983 साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मोकळीक मिळाली आणि साखर, सूत व दूध यांच्या सहकारात मुरलेल्या महाराष्ट्राने विद्येचेही कारखाने उभारावयास घेतले, तेव्हा सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या या काळ्याभोर पट्ट्यातही, मृगबाग आणि कांदेबाग यांच्या बांधाला बांध लावून, यथावकाश संगणकशास्त्राची लागवड सुरू झाली. केळीला उद्या काय भाव फुटेल हे ज्याला सांगता येत नव्हते, त्या बापाला मुलगा संगणकाकडे गेला तर त्याला पुढे काय भाव येईल हे मात्र बिनचूक ठाऊक होते. आणि अशा बापांची मुले साक्री, शिरपूर, चोपडा, मलकापूर अशा चहूकडच्या गावांहून येऊन आमच्या गावात खोल्या धुंडाळू लागली.

माझा या शास्त्राशी संबंध केवळ घरमालकाचा. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर माडीवरच्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने देण्याचा परिपाठ मी ठेवला आणि भाड्याखेरीज त्यांच्याकडून फुकट ज्ञानही वसूल केले. विद्यार्थ्यांचा एक समज असा आहे की, दुसऱ्याला समजावून सांगितले म्हणजे आपले पाठ होते, आणि समजून घेणारा जितका अडाणी तितके पाठांतर पक्के. या दृष्टीने माझी योग्यता त्यांना पहिल्याच दिवशी पटली. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री लोडशेडिंग झाले की सगळी मंडळी खाली ओट्यावर येत, मला परगावचा परीक्षक कल्पून समोर बसवीत आणि आपापला विषय माझ्यावर रिता करीत. त्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. वसतीच्या रिवाजाप्रमाणे ती मुले एकमेकांस साक्रीवाला, मलकापूरवाला, चोपडेकर अशीच हाक मारीत, तीच येथे पुरेशी आहे.

पहिली एकदोन वर्षे माडीवर एकंदरीत सुखासमाधानाची जात. सी नावाची भाषा, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक, आणि बोरलँड कंपनीने 1987 साली काढलेल्या टर्बो सीचा तो निळा पडदा, एवढ्या भांडवलावर मुलांचा संसार चाले. जगाने तो निळा पडदा केव्हाच भंगारात काढला होता. पण आमच्या इकडे जुन्या सासूप्रमाणे त्याची सत्ता पुढेही कितीतरी वर्षे अबाधित राहिली, आणि नव्या संगणकावर तो चालेना तेव्हा त्याच्यासाठी जुन्या संगणकाचे सोंग वठवणारी निराळी योजना करून त्याला चालता ठेवण्यात आले. मग केव्हातरी एखाद्या सत्रात ‘प्रोग्रॅमिंग पॅराडाइम्स’ हा विषय वेळापत्रकात उगवे, आणि माडीवर सुतक आल्यासारखी शांतता पसरे. ‘आबा, माले काही समजनं नही,’ असे साक्रीवाला पहिल्याच आठवड्यात येऊन मला म्हणाला, तेव्हा त्याच्या चर्येवर जे औदासीन्य होते ते मी पूर्वी फक्त आणेवारी पन्नास पैशांच्या वर लागलेल्या शेतकऱ्याच्या चर्येवर पाहिले होते.

पॅराडाइम हा शब्द टॉमस कून नावाच्या गृहस्थाने 1962 साली विज्ञानातील क्रांत्यांवर ग्रंथ लिहून लोकप्रिय केला, आणि 1978 साली रॉबर्ट फ्लॉइड यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानात तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या दारात आणून बांधला. अर्थ असा की, संगणकाकडून काम एकच करवून घ्यावयाचे असले तरी त्या कामाचा विचार करण्याच्या रीती मूलतःच निरनिराळ्या असू शकतात. ही गोष्ट इतर गावांना अवघड वाटली तर वाटो, फैजपूरला वाटण्याचे कारण नाही. त्या 1936 च्या अधिवेशनात नंदलाल बोसांनी बांबू-तट्ट्यांसारख्या स्थानिक सामानातून सजवलेल्या नगरात अध्यक्ष म्हणून जवाहरलाल होते, गांधीजी होते, आणि नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय हेही होते. स्वराज्य सर्वांना एकच हवे होते, परंतु ते कोणत्या रीतीने विचार केला असता मिळेल याविषयी या तिघांचा मेळ बसणे दुरापास्त होते. मी ही उपपत्ती चोपडेकरास सांगितली. त्याने ‘हे पेपरात येत नाही’ एवढेच म्हटले.

तेव्हा मला माझ्या दफ्तराकडे वळणे भाग पडले. कारण मुले जसजशी एकेक पॅराडाइम माझ्यापुढे मांडू लागली तसतशी माझी खात्री होत चालली की, हे सर्व प्रकार आमच्या तालुक्याच्या कचेरीत एकाच छपराखाली, एकाच मामलेदाराच्या हुकमतीत, शिवाय कोणाचीही तोंडी परीक्षा न घेता, वर्षानुवर्षे चालत आलेले आहेत.

पहिली रीत हुकमाची. हे कर, मग ते कर, अमुक झाले असेल तर तमुक कर, आणि शंभर वेळा होईतो पुन्हा पुन्हा कर. जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी 1957 साली आय.बी.एम.च्या यंत्रासाठी फोरट्रान भाषा तयार केली तेव्हापासून बहुतेक जगाने याच रीतीने संगणक हाकला आहे. यात मला नवीन काय वाटावे? आमचे सारे आयुष्य ‘आदेशित करण्यात येते की’ या मंगलाचरणाने सुरू होणाऱ्या कागदांची तामील करण्यात गेले. या रीतीत एक ‘गो टू’ नावाची आज्ञा असते. ती आली की यंत्राने हातातले काम सोडून सांगितलेल्या ठिकाणी उडी मारायची. एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच पंडिताने 1968 साली पत्र लिहून ही आज्ञा घातक असल्याचे जाहीर केले, कारण अशा उड्या वाढल्या म्हणजे प्रकरण या घटकेला कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मुलांनी ते पत्र वाचून दाखवले तेव्हा मला गहिवरून आले. ‘संबंधित शाखेकडे वर्ग’, ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’, ‘अभिप्रायार्थ परत’ अशा शेऱ्यांनिशी एका टेबलावरून दुसऱ्यावर उड्या मारणारी, आणि अर्जदार वारला तरी उडी न थांबवणारी प्रकरणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. डाइक्स्ट्रांनी हॉलंडात बसून लिहिले. आमच्या आवक-जावक बारनिशीचे एखादे वर्ष त्यांच्या दृष्टीस पडते तर त्यांचे पत्र अधिक कडक झाले असते.

गमतीची गोष्ट अशी की, ज्या बॅकसांनी हुकमाचे राज्य स्थापन केले त्यांनाच 1977 साली ट्युरिंग पारितोषिक देऊन सत्काराला उभे केले असता, त्यांनी व्याख्यानात आपल्याच प्रस्थापित शैलीवर तोफ डागली आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची तीतून सुटका होईल काय असा सवाल केला. निवृत्तीच्या सत्कारात खात्याचे वाभाडे काढणारे अधिकारी मी पाहिले आहेत. पण त्यांनी ते खाते स्वतः काढलेले नसते.

दुसरी रीत वस्तूंची, म्हणजे ऑब्जेक्टांची. हिचा जन्म ऑस्लोला. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांना साठच्या दशकात रांगा, खिडक्या आणि त्यांतून सरकणारी माणसे यांसारख्या व्यवहारांची हुबेहूब नक्कल यंत्रात करावयाची होती, त्या खटपटीत सिम्युला नावाची भाषा झाली आणि तिच्यापासून पुढचा सगळा वंशविस्तार. शिकवताना मात्र मुलांना रांग-खिडकी दाखवीत नाहीत. पुस्तकात एक ‘प्राणी’ असतो, त्याच्या पोटी कुत्रा आणि मांजर जन्म घेतात, आणि ‘बोल’ म्हटले की कुत्रा भुंकतो व मांजर म्यांव करते. वीस-एकवीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला, सुट्टीत बापाबरोबर केळीचे घड ट्रकात भरणारा मलकापूरवाला मोठ्या गांभीर्याने मांजराचे म्यांव वहीत उतरवून घेत असे. ते मला बघवेना. मी त्याला म्हटले, ‘बाबा रे, कचेरी बघ. प्रत्येक टेबल ही एक वस्तू. टेबलाचे दफ्तर त्याच्या कुलपात; बाहेरच्याने आत हात घालायचा नाही, खिडकीतून अर्ज द्यायचा आणि निघेल तो दाखला घ्यायचा. आत काय चालते ते विचारायचे नाही. दाखला मागण्याचा अर्ज एकच. तलाठ्याकडे गेला तर त्याचा अर्थ एक होतो, शिरस्तेदाराकडे गेला तर दुसरा, आणि मामलेदाराकडे गेला तर साहेब दौऱ्यावर असतात.’ वारसा ही त्या रीतीतली महत्त्वाची कल्पना. पित्याचे सर्व गुण अपत्याकडे आपोआप येतात, अपत्याने फक्त आपले चार वाढवायचे. यावर मी अनुकंपा तत्त्वावरील नेमणुकांचा दाखला दिला, तो मुलांना इतका आवडला की चोपडेकराने तो तोंडी परीक्षेत सांगितला. परीक्षकांनी त्याला ‘कुत्रा-मांजर येते का’ असे विचारले.

तिसरी रीत शुद्ध फलनांची, म्हणजे फंक्शनांची, आणि येथे मात्र प्रकरण सोवळ्यात जाते. या रीतीत एकदा लिहिलेले खोडायचे नाही; जुन्या किमतीवर नवी किंमत चढवायची नाही; तोच सवाल टाकला तर काल, आज आणि उद्या तोच जबाब आला पाहिजे; आणि जबाब देण्यापलीकडे फलनाने आजूबाजूला काहीही ढवळाढवळ करता कामा नये. ज्याचा सगळा जन्म ‘अ’ च्या खणातले काढून ‘ब’ च्या खणात टाकण्यात गेला त्या मुलाला हे ऐकून विधवेच्या घरच्या एकादशीसारखे वाटते. ‘आबा, खोडताच येत नसेल तर काम कसं करायचं?’ असे मलकापूरवाल्याने विचारले, तेव्हा मी उठून कपाटातून माझ्याच शेताचा जुना सातबारा काढला. मुंबई इलाख्यात 1903 सालापासून हक्कनोंदीचे दफ्तर सुरू आहे, आणि त्याचा पहिला धडाच हा की खाडाखोड करायची नाही. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली की गाव नमुना 6 मध्ये खाली नवा क्रमांक घालून फेरफार लिहायचा, नोटीस काढायची, हरकतीची मुदत जाऊ द्यायची, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची, आणि मग सातबाऱ्यावरील जुन्या खातेदाराच्या नावाला नुसता कंस करायचा. त्या काळी नाव जागच्या जागी राही. फक्त कंसात जाई. आजा कंसात, बाप कंसात, आणि सर्वांत खाली अद्याप मोकळा असलेला मी. मुलांनी तो कागद दिव्याशी धरून पाहिला आणि ज्या लिस्प भाषेच्या कंसांनी त्यांना घेरी येत होती तिची वही शेजारी ठेवली. जॉन मॅकार्थी यांनी 1958 साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत काढलेली ही भाषा डोळ्यांखालून घालताना माझ्या मनात प्रथम हाच विचार आला होता की, या गावचे सगळेच खातेदार गेलेले दिसतात.

याच पंथातल्या हास्केल नावाच्या भाषेत, जी 1990 साली प्रसिद्ध झाली, आळसाला तत्त्वज्ञानाचे अधिष्ठान दिले आहे. कोणतेही गणित, त्याचे उत्तर प्रत्यक्ष कोणी मागेपर्यंत, ती करीतच नाही. नुसता कागद बांधून ठेवते. ऐकून माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कचेरीतल्या लाल फडक्यांत बांधलेल्या गठ्ठ्यांची रांग उभी राहिली. तगादा आल्याशिवाय फडके सोडायचे नाही, हा नियम आम्ही कोणत्याही विद्यापीठात न जाता पाळत होतो. शुद्धतेची दुसरी अट, म्हणजे त्याच अर्जावर कोणत्याही दिवशी, कोणत्याही साहेबाच्या अमदानीत तोच निकाल, ही मात्र आमच्याकडे पाळली जात असे असे शपथेवर सांगता यायचे नाही. आणि फलनाच्या जबाबाखेरीज पडद्याआड जे आनुषंगिक व्यवहार घडतात त्यांविषयी, निवृत्तिवेतन चालू असल्यामुळे, मी अधिक लिहीत नाही.

चौथी रीत तर्काची, आणि मला खरा जिव्हाळा हिच्याविषयी वाटतो. 1972 च्या सुमारास मार्सेय येथे आलँ कोलमेरोअर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रोलॉग नावाची भाषा सिद्ध केली. यंत्राशी फ्रेंचमधून बोलता यावे हा त्यांचा मूळ हेतू होता, आणि फ्रेंच माणसाला याहून निकडीची गरज कोणती असणार! या भाषेत यंत्राला हुकूम द्यावयाचाच नाही. माहीत असलेली तथ्ये सांगायची, नियम सांगायचे, आणि प्रश्न विचारून स्वस्थ बसायचे. उत्तर कसे काढायचे ते यंत्राने पाहावे. जपानने 1982 साली पाचव्या पिढीचे संगणक बांधण्याचा मोठा सरकारी उद्योग आरंभला तो याच तर्काच्या भरवशावर. जगात कोठेही प्रोलॉग शिकवताना पहिले उदाहरण एकच असते, ते म्हणजे वंशावळ. अमका तमक्याचा बाप. बाप तो पूर्वज. आणि पूर्वजाचा पूर्वज तोही पूर्वज. साक्रीवाल्याने हे तीन नियम मला दिव्याच्या उजेडात वाचून दाखवले आणि मी जवळजवळ उभाच राहिलो, कारण ती शब्दशः वारस-चौकशी होती.

गाव नमुना सहा-क ची वारस नोंदवही ज्याने चालवली आहे त्याला प्रोलॉग शिकवावे लागत नाही. खातेदार मयत; त्याला वारस कोण? तलाठी चावडीवर प्रश्न टाकतो, आणि गावातली एखादी वयोवृद्ध आत्या तथ्ये सांगू लागते. पहिल्या बायकोचे दोन, त्यांतला थोरला लहानपणीच गेला; मग धाकट्याकडे या; तो दत्तक गेला, मग मागे फिरा; दुसऱ्या बायकोची मुलगी सावद्याला दिली, तिची मुले धरा. एक वाट बंद झाली की माघारी येऊन दुसरी धरण्याच्या या क्रियेसाठी पुस्तकात मोठे पारिभाषिक नाव आहे. आत्या ती पान लावता लावता करते आणि मध्येच, विचारले नसता, त्या सावद्याच्या घराण्याशी आपले लग्न का मोडले तेही सांगते. यंत्राची आणि आत्याची बरोबरी येथवर आहे. पुढे आत्या सरस ठरते. कारण नियमांची मांडणी जरा उलटसुलट झाली, पूर्वजाचा शोध पूर्वजापासूनच सुरू केला, की बिचारे प्रोलॉग त्याच प्रश्नात पुन्हा पुन्हा उतरत जाते आणि कधीच वर येत नाही. अशा वेळी साक्रीवाला यंत्र बंद करी. कचेरीत तशी प्रकरणे दिवाणी न्यायालयाकडे पाठवतात.

आणखी एक खुबी पाहा. तर्काच्या रीतीत एक नियम नव्याने घातला की त्याला लागू असलेल्या जुन्या प्रश्नांची उत्तरे बदलतात, मग बाकीचे काही बदलायला नको. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारा नियम घातला, 2005 साली केंद्राने तोच देशभर केला; आणि केळीच्या ज्या बागांविषयी ‘वारस कोण’ या प्रश्नाला आजवर फक्त भावांची नावे येत होती, तेथे बहिणींची नावे झरझर येऊ लागली. यावर प्रोलॉगमध्ये ‘कट’ नावाची एक सोय आहे, उद्गारचिन्हाने लिहितात. ती आली की पुढच्या वाटा शोधायच्या नाहीत, मिळाले तेवढ्यावर थांबायचे. साक्रीवाला हिचा उपयोग काय म्हणून डोके खाजवीत होता. मी त्याला हक्कसोडपत्र म्हणजे काय ते समजावून दिले. राखीपौर्णिमेच्या आसपास, साडीचोळी करून, बहिणीची सही घेतली की शोध तेथेच थांबतो, आणि मागे एक उद्गारचिन्ह तेवढे उरते. साक्रीवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आमच्याकडं पण झालं असं.’

पण कळस पुढेच आहे. प्रोलॉगच्या लेखी जे दफ्तरात सापडत नाही ते खोटे. बाहेर सूर्य प्रत्यक्ष तळपत असला तरी तथ्यांच्या यादीत सूर्याची नोंद नसेल तर सूर्य नाही. मुलांना हा नियम विक्षिप्त वाटला. परीक्षेपुरता लक्षात ठेवू, म्हणाली. मला तो विक्षिप्त वाटण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात मी स्वतः, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, समोरच्या माणसाशी स्वतःच्या तोंडाने बोलून, आपण हयात असल्याचा दाखला देतो. आणि तो दिला नाही तर डिसेंबरपासून मी हयात नसतो.

इतका रसाळ विषय, पण विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत तो उतरतो तेव्हा त्याचा चोथा होतो. ‘हुकमाची रीत आणि वस्तूंची रीत यांतील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न. उत्तरास मध्ये उभी रेघ, डावीकडे सहा मुद्दे, उजवीकडे सहा मुद्दे. ती रेघ सगळ्यांच्या वहीत एकाच जागी असे. जर्नलात प्रोग्रॅम हाताने लिहायचा, त्याखाली यंत्राने काय उत्तर दिले तेही हातानेच लिहायचे, आणि ज्याचे अक्षर चांगले त्याच्या यंत्राने कधी चूक केलेली नसायची. पुढच्या वर्गातल्या कोणाची तरी जुनी वही वर्षानुवर्षे माडीवर वारसाहक्काने चालत आलेली होती, तिच्यातला एक चुकलेला स्वल्पविराम सुद्धा एकाही पिढीने दुरुस्त केला नव्हता. विचारांच्या चार रीती शिकवणारा हा अभ्यासक्रम मुले एकाच रीतीने पार पाडीत, ती म्हणजे घोकंपट्टी.

वास्तविक आमच्या खानदेशाची या बाबतीतली पूर्वपीठिका थोर आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठास 1207 साली दिलेल्या दानाची नोंद आहे. ज्योतिष-गणितासाठी स्वतंत्र संस्था, आणि तिच्या खर्चासाठी बाजारात येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा हिस्सा लावून दिलेला. विद्यार्थ्याच्या बापाला बाग गहाण ठेवावी लागल्याचा त्यात कोठे उल्लेख नाही. महसूल खात्याचा माणूस म्हणून मला त्या व्यवस्थेचे फार कौतुक वाटते. आणि 1990 साली जळगावास जे विद्यापीठ झाले त्याला 2018 साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले; अक्षरओळख नसलेल्या बाईचे नाव विद्यापीठावर मिरवण्याचा दिलदारपणा खानदेशाने दाखवला. शिकवणे आणि शिकणे या दोन गोष्टींचा संबंध दरवेळी असतोच असे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

घोकंपट्टीहूनही चिवट गोष्ट म्हणजे पहिली सवय. त्याच डाइक्स्ट्रांनी 1975 साली असे लिहून ठेवले की, ज्यांना आधी बेसिक भाषा शिकवली गेली त्यांना चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्यच. पंडिताच्या तोंडी अतिशयोक्ती शोभते. पण माडीवर मी जे पाहिले त्यावरून त्यात तथ्यांश नाही असे म्हणवत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेत ऐंशीच्या दशकात नवागतांना पहिल्याच वर्गात लिस्पच्या घराण्यातली स्कीम भाषा देत असत. आमच्याकडे ती रीत सी एकदोन वर्षे हाडीमाशी भिनल्यावर समोर येते. चोपडेकर वस्तूंच्या रीतीतली जावा भाषा लिहायला बसला की आधी एक वर्ग, म्हणजे क्लास, उभा करी आणि त्याच्या पोटात आपली जुनी सी सुखरूप नेऊन बसवी. मलकापूरवाल्याने लिस्पमध्ये पहिल्या दिवशी ‘फॉर लूप कुठंय’ असे विचारले आणि तो सापडेपर्यंत दुसरे काही केले नाही. साक्रीवाला, ज्याला प्रोलॉग आवडले असे मला वाटत होते, तो सुद्धा प्रत्येक नियमाच्या आधी यंत्राला पडदा स्वच्छ करायला सांगायची वाट शोधत असे. फोरट्रान जाणणारा खरा गडी कोणत्याही भाषेत फोरट्रानच लिहील, अशी त्या व्यवसायात जुनी थट्टा आहे. ती मला तितकीशी हसण्यासारखी वाटत नाही. कारण माझ्या मुलीस मी पुण्याला पाठवतो त्या पत्रात क्षेमकुशलाच्या वर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ असतात, आणि तिचे उत्तर वेळेत आले नाही तर स्मरणपत्र क्रमांक एक जाते.

मुले यथाकाल उत्तीर्ण झाली. चोपडेकर हिंजवडीला लागला. तेथे त्याच्या आधी कोणीतरी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम बिघडू न देता दिवस काढणे हे त्याचे काम आहे, आणि तो लिहिणारा कोणत्या पॅराडाइमचा होता हे त्यालाही कळत नाही. मलकापूरवाला गावी केळीच्या रोपांची वाटिका चालवतो, आणि बरी चालवतो. साक्रीवाल्याचे मात्र पुण्यात जमले नाही. 2023 साली तलाठ्यांच्या 4,644 जागांची भरती निघाली आणि तिच्यासाठी महाराष्ट्रातून दहा लाखांहून अधिक अर्ज गेले. त्यांत पदवीधर अभियंत्यांचा भरणा एवढा होता की गावोगावी त्याचीच चर्चा. त्यांतला एक अर्ज आमच्या साक्रीवाल्याचा.

तो मुद्दाम गाडी करून माझ्याकडे आला. सोबत सरबतापुरती लिंबे आणि स्पर्धा परीक्षेचे एक जाडजूड पुस्तक होते. मी मोठ्या उत्साहाने कपाट उघडले, एक ते एकवीस गाव नमुने त्याच्यापुढे ओळीने मांडले, सहा आणि सहा-क मधले नाते सांगितले, कंस का करतात ते सांगितले, आणि हे तर तुला प्रोलॉग-लिस्पमुळे सगळे आधीच येते आहे, फक्त नावे निराळी आहेत, हेही सांगितले. त्याने ऐकून घेतले. मान हलवली. मग वही काढून मध्ये एक उभी रेघ मारली आणि विचारले, ‘आबा, हे सगळं एका पानात बसेल ना? आणि याची पीडीएफ असेल तर पाठवून द्या.’